रिव्हॉल्व्हर नवं, बोअर जुनाच, कट्टा स्वस्त : सिंहस्थाआधी उज्जैनच्या वाटेवरचा हिशेब

उज्जैन : कानपूर आणि उज्जैन ही दोन नावं अख्ख्या देशाने एकाच बातमीत वाचली ती 9 जुलै 2020 रोजी. आठ पोलिसांच्या हत्याकांडातला आरोपी विकास दुबे त्या सकाळी महाकाल मंदिराच्या आवारात पकडला गेला. पण कानपूरची आणखी एक ओळख आहे आणि ती बातमीत क्वचितच येते. देशातल्या परवानाधारकाच्या कमरेला जे सरकारी बनावटीचं रिव्हॉल्व्हर दिसतं, ते बहुतेक वेळा कानपूरच्या कारखान्यातलंच असतं.

आता पुढचं कॅलेंडर पाहा. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ 2026-27 मध्ये, आणि त्याच्या पाठोपाठ 2028 मध्ये उज्जैनचा. दोन्ही शहरांना जोडणारा रस्ता एकच, मुंबई-आग्रा महामार्ग. नाशिक, मालेगाव, धुळे, शिरपूर, मग घाट चढून सेंधवा आणि पुढे इंदूर. इंदूरहून उज्जैन जेमतेम 55 किलोमीटर. या रस्त्याच्या कुशीत सातपुड्याचा तो पट्टा आहे, ज्याचं नाव पुणे-मुंबईच्या पोलीस ठाण्यांतही गावठी पिस्तुलांमुळे ठाऊक झालं आहे.

सीमेवरच्या गावांत, बाजार समितीच्या कट्ट्यावर एक चर्चा हमखास रंगते. जुनं इंग्रजी रिव्हॉल्व्हर चांगलं, की कानपूरचं नवं? मोठ्या बोअरचं का मिळत नाही? चर्चा रंगतदार असते, पण अर्ध्या माहितीवर चालते. हा प्रश्न नीट सोडवला तर त्यातून दुसराच एक प्रश्न वर येतो, आणि तो जास्त महत्त्वाचा आहे.

जुनं म्हणजे नेमकं कोणतं?

आपल्याकडे "इंग्रजी रिव्हॉल्व्हर" म्हटलं की ते वेब्लीच असतं. वेब्लीचं पहिलं लष्करी मॉडेल ब्रिटिश फौजेने 1887 मध्ये घेतलं. शेवटचं आणि सगळ्यात गाजलेलं मार्क 6 आलं 1915 मध्ये, पहिल्या महायुद्धात. त्याचा बोअर .455 इंच, म्हणजे साधारण साडेअकरा मिलिमीटर. नळी सहा इंची, वजन रिकामं असतानाच एक किलोच्या वर. गोळी जड, सुमारे 17 ग्रॅमची, पण वेग बेताचा. जवळच्या अंतरावर जड गोळीने माणूस थांबावा, एवढाच त्यामागचा विचार होता.

हे हत्यार हाताळायला मजबूत मनगट लागायचं. म्हणून दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रिटिशांनीच बोअर उतरवला. .38 बोअरचं एनफिल्ड नंबर 2 हे 1932 मध्ये स्वीकारलं गेलं, आणि त्याच बोअरचं वेब्ली मार्क 4 सोबतीला आलं. भारतात पोलीस अधिकाऱ्यांच्या पट्ट्याला स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं हेच .38 लटकत होतं.

या सगळ्यांत एक गोष्ट समान. ही रिव्हॉल्व्हरं मधून मोडतात. वरचा खटका दाबला की नळी आणि चक्र पुढे खाली झुकतं, सहाही रिकामी काडतुसं एकदम बाहेर पडतात. घाईत भरायला सोपं. पण जिथे सोय, तिथेच दुबळेपणा. सांगाडा अखंड नसल्याने सगळा ताण बिजागरीवर आणि वरच्या खटक्यावर येतो. वर्षानुवर्षं वापरून ते सैल झालं की चक्र आणि नळी एका रेषेत राहत नाही. अशा हत्याराला जास्त दाबाचं काडतूस झेपत नाही. अमेरिकेत गेलेल्या बऱ्याच मार्क 6 ची चक्रं मागून तासून त्यांत .45 पिस्तुलाची काडतुसं बसवली गेली. ती काडतुसं .455 पेक्षा जास्त दाबाची. बसतात म्हणून चालतातच असं नाही, हा धडा तिथल्या शौकिनांनी हत्यारं फोडून घेऊन शिकला.

मोठा बोअर का मिळत नाही?

याचं उत्तर यंत्रात नाही, कायद्यात आहे. शस्त्र कायदा 1959 चा. त्याखालच्या नियमांच्या परिशिष्टात हत्यारांचे वर्ग पाडले आहेत. ज्या पिस्तूल-रिव्हॉल्व्हरमध्ये .380 किंवा .455 ची कडेवाली काडतुसं किंवा लष्करी 9 मिलिमीटरची काडतुसं चालतात, ती निषिद्ध बोअरमध्ये मोडतात. तर्क साधा आहे. पोलीस आणि फौज जो दारूगोळा वापरते, तो चोरून खासगी हत्यारात घालता येऊ नये. निषिद्ध बोअरचा परवाना जिल्हाधिकारी देऊ शकत नाहीत, तो अधिकार केंद्राचा.

म्हणून सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला आलं ते .32. हे काडतूस अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसनचं, 1896 मधलं. गोळी सव्वासहा ग्रॅमच्या आसपास. .455 च्या गोळीत जेवढी ऊर्जा, त्याच्या साधारण निम्मी हिच्यात. ही काडतुसं पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात. बुडावर इंग्रजीत "केएफ" कोरलेलं असतं, ते "किरकी फॅक्टरी"चं संक्षिप्त रूप.

त्यात भर म्हणजे 1980 च्या दशकाच्या मध्यापासून खासगी माणसाला परदेशी हत्यार आयात करायला बंदी. त्यामुळे त्याआधी देशात आलेलं जुनं वेब्ली किंवा स्मिथ अँड वेसन .32 आजही चढ्या भावाने हात बदलतं. अनेकदा त्या भावाचा हत्याराच्या अवस्थेशी काहीच संबंध नसतो. नावाला भाव मिळतो.

कानपूरचं जुनं, कानपूरचं नवं

कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीने .32 रिव्हॉल्व्हर बनवलं ते वेब्ली मार्क 4 च्याच आराखड्यावर. तीन इंची म्हणजे 76 मिलिमीटरची नळी, सहा काडतुसं, मधून मोडणारं. ब्रिटिश गेले, आराखडा राहिला. सरकारी भाषेत याला "आयओएफ .32" म्हणतात, लोक "कानपूरचं" म्हणतात.

2014 च्या जानेवारीत त्याच घराण्यातलं "निर्भीक" आलं. टायटॅनियम मिश्रधातू वापरून वजन 500 ग्रॅमवर आणलं. डिसेंबर 2012 च्या दिल्लीतल्या अत्याचारानंतर महिलांसाठीचं हत्यार म्हणून त्याची जाहिरात झाली. किंमत होती 1,22,360 रुपये. बंदूकबळींच्या प्रश्नावर काम करणाऱ्या बिनालक्ष्मी नेप्राम यांनी त्यावर उघड टीका केली. रात्रपाळी करून बसने घरी जाणारी बाई सव्वा लाखाचं हत्यार कुठून घेणार, हा प्रश्न तेव्हाही बिनउत्तराचा राहिला आणि आजही आहे.

दरम्यान 1 ऑक्टोबर 2021 रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त झालं. 41 कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. हत्यारांचे कारखाने कानपूरच्या "ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया" या कंपनीकडे गेले. दारूगोळ्याचे कारखाने पुण्याच्या "म्युनिशन्स इंडिया"कडे. आपल्या जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा कारखाना याच दुसऱ्या कंपनीत आहे.

या कानपूरच्या कंपनीने ऑगस्ट 2023 मध्ये "प्रबल" बाजारात आणलं. बोअर तोच, .32. नळी तेवढीच, 76 मिलिमीटर. वजन 700 ग्रॅम. फरक आहे तो सांगाड्यात. हे मधून मोडत नाही, चक्र डाव्या बाजूला बाहेर झुलतं. भारतात बनलेलं या पद्धतीचं हे पहिलं रिव्हॉल्व्हर म्हणून ते पुढे आलं. अमेरिकेत ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळली होती. म्हणजे "नवं" हा शब्द जरा जपूनच वापरायचा.

तिकडे ब्रिटिश वेब्ली अँड स्कॉट कंपनीनेही उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे भागीदारीत .32 रिव्हॉल्व्हर बनवायचं 2020 मध्ये जाहीर केलं. ज्या घराण्याची नक्कल कानपूरने केली, तेच घराणं कानपूरच्या शेजारी दुकान थाटून बसलं.

काय सुधारलं, काय नाही

तुलना सरळ मांडली तर अशी दिसते. बोअर आणि माराची ताकद : उतरली, आणि कायद्याने उतरली. मजबुती : "प्रबल"मध्ये वाढली. अखंड सांगाडा जास्त टिकतो, बिजागरी सैल होण्याची भानगड नाही. भरणं : जुन्यात एका झटक्यात सगळं रिकामं होतं, नव्यात चक्र बाहेर काढून दांडा दाबावा लागतो. सवय झाली की फरक राहत नाही. चाप : नव्यात हलका केल्याचं कंपनी सांगते. जुन्या वेब्लीचा आणि कानपुरीचा चाप ओढताना नळी हलायची, ही तक्रार जुनीच. वजन : "निर्भीक" हलकं, पण हलक्या हत्याराचा धक्का हाताला जास्त बसतो.

एक दावा मात्र बारकाईने पाहायला हवा. "प्रबल"चा मारा 50 मीटरपर्यंत, असं कंपनी सांगते. आधीच्या मॉडेलांच्या तुलनेत हा आकडा दुप्पट-तिप्पट वाटतो आणि दुकानात तोच आधी सांगितला जातो. पण परवाना मिळतो तो स्वसंरक्षणासाठी. भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44 खासगी बचावाचा हक्क देतात. धोका समोर आणि तातडीचा असावा, आणि गरजेपेक्षा जास्त इजा नसावी, ही त्याची अट. 50 मीटरवरचा माणूस म्हणजे शेताच्या दुसऱ्या बांधावरचा माणूस. त्याच्यावर झाडलेली गोळी कोर्टात बचाव म्हणून सिद्ध करणं फार अवघड. तीन-चार मीटरवर, अंधारात, घाबरलेल्या हाताने काय होतं, हा खरा कस. तिथे 1915 चं असो की 2023 चं, सराव नसेल तर दोन्ही सारखीच निरुपयोगी.

आणि सराव कुठे करायचा? 2016 च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची अट आणली. अट कागदावर चांगली आहे. पण तालुक्याच्या गावात राहणाऱ्या माणसाला गोळीबाराचं अधिकृत मैदान दूर पडतं. मग हत्यार दसऱ्याला पूजेसाठी बाहेर निघतं, आणि एखाद्या लग्नात हवेत बार काढायला. 2019 च्या दुरुस्तीने अशा हर्षगोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. वरातीतला बार आता गंमत राहिलेला नाही, हे अजून सगळ्यांच्या गळी उतरलेलं नाही.

त्याच दुरुस्तीने एका परवानाधारकाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवायची मर्यादा घातली, आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली. ज्यांच्या घरात आजोबांचं जुनं रिव्हॉल्व्हर आहे, त्यांनी आणखी एक नियम लक्षात ठेवावा. परवानाधारकाचा मृत्यू झाला, किंवा तो 70 वर्षांचा झाला, किंवा हत्यार त्याच्याकडे 25 वर्षं झाली, की ते कायदेशीर वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. पेटीत पडून राहिलेलं आजोबांचं हत्यार वारसाच्या परवान्यावर चढलं नसेल, तर ते आठवण नाही, गुन्हा आहे.

पैशाचा हिशेब

आता हिशेबाची दुसरी बाजू. कायदेशीर .32 रिव्हॉल्व्हर म्हणजे लाखाचा मामला. त्यावर कर. जीएसटीत रिव्हॉल्व्हर-पिस्तुलावर 28 टक्के होते. 22 सप्टेंबर 2025 पासून ते 40 टक्क्यांच्या वर्गात गेले, महागड्या गाड्या आणि शीतपेयांच्या पंगतीत. शिवाय परवान्याचा अर्ज, पोलीस पडताळणी, महिनोन्महिने वाट.

आणि सातपुड्यात? काही हजारांत गावठी कट्टा, त्याहून थोडे जास्त मोजले की मॅगझिनवालं पिस्तूल. ना अर्ज, ना पडताळणी, ना क्रमांक.

हा क्रमांकच महत्त्वाचा. कायदेशीर हत्यारावर कारखान्याचा क्रमांक कोरलेला असतो, परवानाधारकाला राष्ट्रीय नोंदवहीत स्वतंत्र ओळख क्रमांक असतो. गोळी झाडली तर माग काढता येतो. कट्ट्याला जन्मदाखला नसतो. देशात दरवर्षी जप्त होणाऱ्या बंदुकांत बिनपरवाना हत्यारांचाच भरणा असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतं. म्हणजे जुन्या-नव्या रिव्हॉल्व्हरची सगळी चर्चा ज्या हत्यारांबद्दल आहे, त्यांचा बाजारातल्या रक्तपाताशी संबंध थोडा. ज्याचा संबंध जास्त, त्याला मॉडेल क्रमांकच नाही.

उमर्टीची नदी

चोपडा तालुक्यात उमर्टी आहे आणि नदीपलीकडे, बडवानी जिल्ह्यात, दुसरी उमर्टी. अलीकडचे लोक तिला पार उमर्टी म्हणतात. फेब्रुवारी 2025 मध्ये चोपडा ग्रामीण पोलिसांचं पथक शस्त्र विक्रेत्याला पकडायला गेलं, तेव्हा जमावाने हल्ला केला आणि एका पोलीस कर्मचाऱ्याला पलीकडे ओढून नेलं. काही तासांनी त्याची सुटका झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुणे शहर पोलिसांचा मोठा फौजफाटा थेट पलीकडच्या उमर्टीत उतरला, मध्य प्रदेश पोलिसांना सोबत घेऊन. हत्यारं घडवणाऱ्या सुमारे पन्नास भट्ट्या मोडल्या गेल्या, अनेकांना ताब्यात घेतलं.

पुण्याच्या पोलिसांना एवढ्या लांब यावं लागलं, यातच सगळं आलं. भट्टी सातपुड्यात, गोळी पुण्यात.

बडवानी, खरगोन, बुऱ्हाणपूरच्या पट्ट्यातल्या काही वस्त्यांत हे काम चालतं, आणि त्यात शिकलगार समाजातल्या काही कुटुंबांचं नाव पुन्हा पुन्हा येतं. इथे थांबून विचार करायला हवा. हा समाज पिढ्यान्‌पिढ्या धातूकाम करणारा. तलवारींना धार लावणं, कुलपं, विळे, कढया हे त्यांचं मूळ काम. संपूर्ण समाजाला गुन्हेगार ठरवून प्रश्न सुटत नाही, उलट कायदेशीर काम करणाऱ्या पोरालाही भाड्याने खोली मिळत नाही आणि तो परत भट्टीकडे वळतो. 2019 च्या दुरुस्तीने बेकायदा निर्मितीची शिक्षा किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी केली. आधी ती तीन ते सात वर्षं होती. शिक्षा वाढली, भट्ट्या थांबल्या नाहीत. मोडलेली भट्टी पुन्हा मांडायला भाता, ऐरण आणि कानस एवढंच लागतं.

ज्या माणसाला साध्या हत्यारांनी नळी आणि चाप जुळवता येतो, तो कुशल कारागीर आहे, हे मान्य करायला काय हरकत? याच कानपूरच्या कंपनीचा गन कॅरेज कारखाना मध्य प्रदेशातच, जबलपूरला आहे. आयटीआयचं प्रमाणपत्र, शिकाऊ उमेदवारी आणि नियमित पगार, हा छाप्यानंतरचा दुसरा टप्पा कुठल्याच सरकारने अजून नेटाने राबवलेला दिसत नाही.

उज्जैनची पोरं, आपली पोरं

गिऱ्हाईक कोण, हेही बघायला हवं. उज्जैनच्या दुर्लभ कश्यपची गोष्ट अनेक पोरांना तोंडपाठ आहे. कपाळाला टिळा, गळ्यात काळा गमछा, समाजमाध्यमांवर धमक्यांच्या पोस्ट. सप्टेंबर 2020 मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, उज्जैनमध्येच टोळीच्या भांडणात तो भोसकून मारला गेला. त्याच्या नावाने रील करणारी, टोळ्या काढणारी पोरं सीमेच्या अलीकडेही पोलिसांच्या हाती लागली आहेत. रीलमध्ये त्याचा रुबाब दिसतो, शेवट दिसत नाही. या पोरांना जुनं-नवं, .32 की .455, यातलं काही ठाऊक नसतं. त्यांना हातात काहीतरी काळं आणि जड दिसायला हवं असतं. कट्टा नेमकं तेवढंच पुरवतो.

सिंहस्थात ही जोखीम कितीतरी पट वाढते. 2016 च्या उज्जैन सिंहस्थात एका आखाड्यात पदावरून वाद झाला आणि त्यात गोळीबारही झाला, अनेक जण जखमी झाले. साधूंच्या छावणीत जे घडू शकतं, ते लाखोंच्या गर्दीत घडलं तर गोळीपेक्षा चेंगराचेंगरीत जास्त माणसं जातील. महाकालच्या दर्शनाला धुळे-जळगाव-बुलढाण्याहून निघणारी कुटुंबं याच गर्दीत असणार आहेत. राणोजी शिंद्यांच्या काळापासून उज्जैनशी असलेलं मराठी माणसाचं नातं काही तुटायचं नाही.

निवडणुकीआधी परवानाधारकांची हत्यारं ठाण्यात जमा करून घेतली जातात. सिंहस्थाआधीही तसा हुकूम निघेल, नियम पाळणारी माणसं आपली कानपुरी रिव्हॉल्व्हरं निमूटपणे जमा करतील, आणि आकडा वर्तमानपत्रात छापून येईल. तो आकडा सुरक्षिततेचा पुरावा नाही. खरी तयारी म्हणजे धुळे, जळगाव, बडवानी, खरगोन, बुऱ्हाणपूर, इंदूर आणि उज्जैन या जिल्ह्यांच्या पोलिसांचं एकत्र पथक, दोन्ही बाजूंच्या नाक्यांवर एकच आरोपी यादी, आणि छाप्यानंतर त्या वस्तीत रोजगार घेऊन जाणारं दुसरं पथक. नाशिकचा सिंहस्थ आधी आहे, म्हणजे चाचणीची संधी आपल्याकडे आहे. तिथे जे जमेल-फसेल, ते वर्षभरात उज्जैनला उपयोगी पडेल.

राहिला कट्ट्यावरचा मूळ प्रश्न, जुनं बरं की नवं. ज्याला खरोखर परवान्याची गरज आहे, त्याच्यासाठी उत्तर सोपं. अखंड सांगाड्याचं नवं हत्यार जास्त भरवशाचं. जुनं वेब्ली जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय चालवू नये. आणि दोन्हीपैकी कुठलंही घेतलं, तरी सराव आणि कुलूपबंद कपाट त्याच्या आधी. बाकी सातपुड्याच्या वाटेवर सिंहस्थात काय होईल, ते कानपूरने कुठलं मॉडेल काढलं यावर ठरणार नाही. नदीच्या अलीकडचं आणि पलीकडचं ठाणं एकमेकांचा फोन उचलतं की नाही, यावर ठरेल.